तक्त्यातला राहिलेला रकाना

छत्तीस वर्षे सरकारी कोषागारात इतरांची बिले तपासण्यात घालविलेल्या माणसाने, निवृत्तीनंतर रजेच्या रोखीकरणाचे पैसे हाती येताच त्यांतून एखादी चैनीची वस्तू घ्यावयाचे मनात आणले, तर ती वस्तू तो कोणत्या रीतीने घेईल हे सांगावयास ज्योतिषी नको. मी दरपत्रके मागविली. साल २०११ आणि वस्तू होती डीएसएलआर कॅमेरा; म्हणजे ज्याच्या पोटात आरसा असतो, ज्याची लेन्स काढून दुसरी लावता येते आणि जो गळ्यात अडकवला की सिंहगडाच्या पायथ्याशी भाकरी विकणाऱ्या बायकाही आपणास ‘साहेब’ म्हणू लागतात, तो.

हौस तशी जुनी. वडिलांकडे ॲग्फाचा ‘क्लिक-थ्री’ होता. एकशेवीसच्या रोलवर त्यात बारा चौरस छायाचित्रे निघत, आणि बारा म्हणजे बाराच असल्यामुळे गणपतीत भरलेला रोल दिवाळी उलटली तरी संपत नसे. प्रत्येक खटक्यापूर्वी आजोबांपासून मोलकरणीपर्यंत सर्वांची संमती घेतली जाई. मला तो हाताळावयास मिळाला अवघा दोनदा. पैकी एकदा आत्याचे मस्तक चौकटीबाहेर राहिले, आणि तिच्या लग्नापर्यंत त्या गोष्टीचा उल्लेख माझ्या उपस्थितीत होत राहिला. पुढे नोकरी, संसार, मुलीचे शिक्षण यांत ती हौस कुठल्याशा जुन्या फाईलप्रमाणे तळाशी गेली. ती गहाळ मात्र झाली नव्हती.

आमच्या पेठेत पूर्वी एक स्टुडिओ होता. त्याचे मालक, ज्यांना सारी आळी नाना म्हणे, पंच्याहत्तरीला टेकलेले होते आणि दुकान बंद करून घरी बसले होते. माझा विचार कानी जाताच त्यांनी निरोप धाडला, की कॅमेरा निकॉनचा घेणार असाल तर माझी पन्नास मिलिमीटरची लेन्स तुम्हाला देऊन टाकतो, मला आता तिचा उपयोग नाही. या निरोपातील ‘निकॉनचा’ हा शब्द मी नीट ध्यानात ठेवला. परंतु नानांना बरोबर घेऊन दुकानात जावे, किंवा निदान खरेदीपूर्वी त्यांच्या ओट्यावर अर्धा तास बसावे, हे मात्र केले नाही. दरपत्रकाच्या कामात बाहेरच्याचा शब्द येऊ नये, ही जन्माची शिस्त. शिवाय, खरे सांगावयाचे तर, मला माझ्या तक्त्याचा अभिमान झाला होता.

तो तुलनात्मक तक्ता फूलस्केप कागदावर होता. चार कॅमेरे, तेरा रकाने. निकॉनचे डी-३१०० आणि डी-९०, कॅननचे ५५०डी आणि ११००डी. किंमत, वजन, मेगापिक्सेल, चलत्चित्राची सोय, पडद्याचा आकार, वॉरंटीची मुदत, दुरुस्तीकेंद्राचे अंतर अशी सदरे आखून मी प्रत्येकास गुण दिले. मुलगी तो पाहून म्हणाली, “बाबा, तुम्ही कॅमेरा घेताय की जिल्हा परिषदेची टाकी?” मी तिच्या बोलण्याकडे दुर्लक्ष केले.

मेगापिक्सेलच्या सदराने माझा सर्वांत अधिक वेळ खाल्ला, आणि नवशिक्यांची सर्वांत अधिक दिशाभूल तेथेच होते असे माझे मत आहे. खिशात मावणारा एक छोटा कॅमेराही चौदा मेगापिक्सेलचा आणि डी-३१०० देखील चौदाच्याच घरातला, १४.२ चा, मग चौपट पैसे कशाचे? उत्तर आकड्यात नव्हते, जमिनीत होते. त्या छोट्या कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही तुकडा साधारण सहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार उंच, तर डी-३१०० चा २३.१ बाय १५.४, क्षेत्रफळ काढले तर बारापटीहून अधिक. एका गुंठ्यात जितकी रोपे लावली तितकीच बारा गुंठ्यांत लावली, तर प्रत्येक रोपाच्या वाट्याला किती ऊन येईल याचा हिशेब आमच्याकडील कोणताही शेतकरी तोंडी करील. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात छोट्या कॅमेऱ्याचे चित्र जे दाणेदार आणि मळकट येते ते याच दाटीमुळे. आणि आठ बाय बारा इंचाची प्रत काढावयाची तर इंचाला तीनशे ठिपके धरूनही शहाऐंशी लाख ठिपके, म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेलच्याही आत, पुरतात. त्याहून मोठी प्रत माझ्या दिवाणखान्याच्या भिंतीवर मावणारी नव्हती. हे सारे गणित मी स्वतः मांडले, मला पटले, आणि तरीसुद्धा गुण देताना १४.२ ला डी-९० च्या १२.३ पेक्षा दोन गुण अधिक दिले. आकडा मोठा दिसला की कारकुनाचा हात तिकडे वळतोच.

खरेदीसाठी मी मुंबईत फोर्टात गेलो. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण जे घडले त्यात दुकानदाराचा अपराध तितकासा नव्हता. त्याने प्रथम विचारले, “बिलाचा देऊ की बिनबिलाचा?” बिनबिलाचा म्हणजे आडवाटेने आलेला, तो काही हजारांनी स्वस्त पडे, मात्र कंपनीची वॉरंटी त्याला नसे. छत्तीस वर्षे ज्याने पावतीवाचून एक रुपया पुढे सरकू दिला नाही त्याच्यापुढे हा प्रश्न म्हणजे वारकऱ्यापुढे रश्शाची वाटी ठेवण्यासारखा होता. मी बिलाचा म्हणालो.

त्याने दोन्ही निकॉन काचेवर मांडले. डी-९० उचलला तेव्हा उजव्या हाताची पाचही बोटे आपापल्या जागी जाऊन बसली, जणू ती पकड माझ्याच मुठीचा ठसा घेऊन घडविली होती. डोळ्याला लावल्यावर दिसणारी खिडकीही प्रशस्त आणि उजळ, कारण तिच्यावर भरीव काचेचा लोलक असतो. डी-३१०० मध्ये त्या लोलकाच्या जागी आरशांची पोकळ रचना. खिडकी लहान, बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला पडदा दिसावा तशी. आणि धरल्यावर करंगळी निराधार खाली लोंबत राही. परंतु डी-९० हा २००८ सालचा, डी-३१०० हा २०१० चा. तो महाग, हा तीस हजारांच्या आतबाहेर. तो सव्वासहाशे ग्रॅमचा, हा साडेचारशेंचा. त्याचे चलत्चित्र सातशेवीस ओळींचे, याचे एक हजार ऐंशींचे. तक्त्यात करंगळीला सदर नव्हते. मी एकच प्रश्न विचारला, आणि तो नोंदवून ठेवतो: “आमच्या नानांची जुनी पन्नासची निकॉन लेन्स यावर बसेल ना?”

दुकानदार म्हणाला, “बसेल की!”

त्याने खोटे सांगितले नाही. ती बसली. नानांच्या ओट्यावर, त्यांच्या देखत, पांढऱ्या ठिपक्याला पांढरा ठिपका जुळवून फिरविली तेव्हा कुलूप लागल्यासारखा स्वच्छ ‘खट्’ आवाज आला, आणि आम्ही दोघांनी समाधानाने एकमेकांकडे पाहिले. मी कॅमेरा डोळ्याला लावला. खिडकीच्या तळाशी तीन रोमन अक्षरे लुकलुकत होती, आणि ती जोडून वाचली तर शब्द होत होता ‘फी’.

मला वाटले, यालाही शुल्क भरावयाचे आहे! कोषागारातून सुटलो तरी चलन सुटेना. नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी लेन्स हातात घेऊन तिच्या मुळाशी असलेले छिद्राचे कडे बावीसच्या आकड्यावर नेले आणि बाजूची बारीकशी खिट्टी सरकविली. अक्षरे गेली. या जुन्या लेन्सवर छिद्र लहानमोठे करण्याचे कडे असते. नव्या कॅमेऱ्यात ते काम कॅमेराच करतो, आणि कडे शेवटच्या आकड्यावर बांधून ठेवले नाही तर तो अशी तक्रार नोंदवितो.

परंतु खरी गोम पुढेच होती. बटण अर्धे दाबले की कॅमेऱ्याने लेन्स फिरवून चित्र स्पष्ट करावयाचे असते. मी दाबले, काही हलले नाही. पुन्हा दाबले. शेवटी नाना न बोलता आत गेले आणि आपला फिल्मचा एफ-८० घेऊन आले. त्याची लेन्स काढून त्यांनी ते गोल तोंड माझ्या चष्म्यापाशी धरले. “हे बघा, साहेब. खाली, डावीकडे.” धातूच्या कड्यात पेचकसाच्या चपट्या पात्याएवढे एक टोक बाहेर डोकावत होते. बोट लावले तर ते किंचित आत दबून पुन्हा बाहेर आले. मग त्यांनी पन्नासची लेन्स उलटी धरली. तिच्या पाठीवर त्या टोकाला जुळणारी स्क्रूच्या डोक्यासारखी खाच होती. “मोटर कॅमेऱ्यात. ती हे पातं फिरवते, पातं लेन्स फिरवतं. आता तुमचा बघा.” माझ्या कॅमेऱ्याच्या तोंडावर त्या जागी गुळगुळीत धातू होता.

“तुम्ही विचारलंत काय?” नानांनी विचारले.

“बसेल का, असं.”

“आणि चालेल का?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. उभ्या हयातीत मी कित्येक अर्ज केवळ ‘मुद्दा नीट विचारलेला नाही’ असा शेरा मारून परत पाठविले होते.

त्या दुपारी नानांनी जो इतिहास सांगितला तो कोणत्याही माहितीपुस्तिकेत मला इतका नीट वाचावयास मिळाला नाही. निकॉनने आपल्या कॅमेऱ्याचे तोंड १९५९ साली ठरविले आणि नंतर ते मोडले नाही. १९८६ मध्ये आपोआप स्पष्ट करणारा कॅमेरा काढला तेव्हाही तोंड तेच ठेवून आत पाते बसविले. कॅननने १९८७ मध्ये जुने तोंड सरळ टाकून दिले, नवे घडविले आणि मोटर प्रत्येक लेन्सच्या पोटात घातली. ज्यांच्याकडे कॅननच्या जुन्या लेन्स होत्या त्यांनी कपाळाला हात लावला, पण पुढच्या गिऱ्हाइकाला बसते-चालते हा भेद कधी पडला नाही. निकॉनचे म्हणजे जुन्या वाड्याची डागडुजी करीत राहणाऱ्या घराण्यासारखे: कोणालाही बाहेर काढावयाचे नाही, मात्र प्रत्येक भाडेकरूचा करार निराळा. पुढे त्यांनीही मोटर लेन्समध्ये नेली, आणि २००६ च्या डी-४० पासून स्वस्त कॅमेऱ्यांतून पाते काढून टाकले. डी-९० मध्ये ते होते. माझ्या तक्त्यात तेरा सदरे होती आणि त्यांत हे नव्हते.

दुसऱ्याच दिवशी मी ती लेन्स परत करावयास गेलो, तर नाना म्हणाले, “हाताने फिरवा की. आम्ही काय करत होतो?”

म्हणून मी हाताने फिरवू लागलो. स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीशी आमच्या घरी सकाळी मेथी निवडली जाते. खाली वर्तमानपत्र, त्यावर जुडी, आणि मंडळी डोळ्यांवर चष्मा चढवून एकेक काडी हाती घेत असतात. चष्म्याच्या काडीला जो काळा दोरा आहे त्याची गाठ कानामागे दिसते. मी एक मीटरवर स्टूल टाकून बसलो. छिद्र पूर्ण उघडे, १.८. एवढ्या अंतरावर या लेन्समध्ये स्पष्ट येणारी पट्टी जेमतेम तीन सेंटिमीटर खोल असते. मी श्वास घेतला तरी पुढेमागे होत होतो. कॅमेऱ्याच्या खिडकीच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका आहे, चित्र स्पष्ट झाले की तो पेटतो. कडे केसभर फिरविले की पेटे, आणखी केसभर की विझे. अर्धी जुडी संपेपर्यंत एकही फोटो निघाला नाही. “अहो, काढताय की नुसतेच बघताय?” असा प्रश्न आला, आणि तो विचारताना पत्नीने जी मान वळविली त्या क्षणी ठिपका पेटलेला होता.

त्या चित्रात दोऱ्याची गाठ स्पष्ट आहे, कानावरचे चार पांढरे केस स्पष्ट आहेत, आणि हातातली मेथी केवळ हिरवा धूर आहे. मी पुष्कळ फोटो नंतर काढले, त्याहून निर्दोषही काढले. भिंतीवर आठ बाय बारा इंचाची प्रत मात्र याचीच आहे.

कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या अठरा-पंचावन्नच्या लेन्सने मी हिवाळ्यात कवडीपाटच्या बंधाऱ्यावर पक्षीही टिपावयास गेलो. पहाटे साडेसहाला नदीवर वाफ होती आणि चक्रवाकांची जोडी अगदी समोर, असे निदान डोळ्यांना वाटले. घरी येऊन पडद्यावर पाहिले तर पाण्यावर दोन नारिंगी मोहऱ्या. बंधाऱ्यावर शेजारी उभ्या असलेल्या एका तरुणाच्या हाती तोफेएवढी लेन्स होती, आणि तिची किंमत त्याने सांगितली तेव्हा मला माझ्या रोखीकरणाचा आदेश आठवला. पक्ष्यांचा नाद मी तेथेच सोडला. ज्याला पक्षी हवे आहेत त्याने कॅमेऱ्याच्या पैशात काटकसर करावी आणि ते लेन्सला द्यावेत, एवढे कळले. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते म्हणून हवाबंद डब्यात सिलिकाच्या पुड्या टाकून ती ठेवावी, हेही कळले. पण डबा हवाबंदच का हवा, ते त्याला पहिला तडा गेल्यावर.

नाना आता नाहीत. गेल्या वर्षी भाचीने पहिला कॅमेरा घ्यावयाचे ठरविले तेव्हा ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मामा, तुमचा तो तक्ता आहे का?” काळ पालटला होता; निकॉनने झेड मालिकेत आरसाच काढून टाकला आहे आणि अखेर तोंडही बदलले आहे. जुन्या लेन्स जोडावयास कंपनी एक वेगळे कडे देते. तिने ते घेतले. मी उजेडात नेऊन त्याच्या तोंडात डोकावून पाहिले: पाते नाही, मोटर नाही. फूलस्केपच्या उजव्या समासात, जेथे मी २०११ साली लाल शाईने चौदावे सदर ओढले होते, तेथे तिने बोट ठेवले आणि म्हणाली, “मला हातानेच फिरवायची आहे.”

लेन्स आता तिच्याकडे आहे. कडे बावीसवर आहे आणि खिट्टी लावलेली आहे.