टेपचं दुसरं टोक

डिप्लोमा करून मी घोडेगावच्या साइटवर रुजू झालो, तेव्हा माझ्या हातात नकाशा होता आणि नानांच्या खिशात ओळंबा. नाना गवंडीकामातले जुने मिस्त्री. मला मापं घ्यायला शिकवलं ते त्यांनी.

खोली एकदा मोजून भागत नाही, हा त्यांचा पहिला धडा. खाली, मध्ये, वर अशी तीन मापं घ्यायची, मग दोन्ही कर्ण जुळवायचे. दुसरा धडा पुस्तकात नव्हता. गिलाव्याची मजुरी चौरस फुटावर मिळते. "सायेब, माप म्हणजे माणसाची मजुरी हाय," नाना म्हणायचे. "ज्याचं काम, त्याच्या हातात टेपचं एक टोक द्यायचं आन् आकडा मोठ्यानं वाचायचा."

आयएस १२०० या मोजमापाच्या मानकानुसार गिलाव्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्याची वजावट करायची नसते. नानांना मानकाचा क्रमांक ठाऊक नव्हता, त्यामागचं कारण मात्र पक्कं ठाऊक होतं : झरोक्याच्या कडा साधायला भिंतीइतकाच वेळ जातो. कुणी गुपचूप झरोके कापून बिल लावलं, की नाना त्याला भिंतीपाशी नेऊन त्या कडांवरून हात फिरवायला लावत.

लायका कंपनीनं १९९३ मध्ये 'डिस्टो' हे हातात मावणारं लेसर अंतरमापक आणलं. आमच्या आंबेगाव-जुन्नरच्या साइटवर अशी यंत्रं पोहोचायला बराच काळ गेला. चाळीस मीटरपर्यंतचं अंतर दोनेक मिलिमीटरच्या फरकानं, बटण दाबताच. शिडी नको, सोबतीला माणूस नको. कांदाचाळीच्या तुळईची उंची जमिनीवरूनच कळू लागली. नानांनी यंत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "याचं दुसरं टोक कुणाच्या हातात?"

उत्तर उन्हानं दिलं. लाल ठिपका दुपारी भिंतीवर दिसेनासा होतो. सांजेला तो ठसठशीत दिसतो, पण आमच्याकडे सांजेला साइटवर थांबायला कुणी राजी नसतं. शेजारी ऊस, उसात बिबट्या. अंधार पडायच्या आत मजुरांना घर गाठायचं असतं. म्हणून मापं भर उन्हातच घ्यावी लागतात, आणि पलीकडे पांढरी पाटी धरून कुणालातरी उभं राहावं लागतं. ती पाटी मी गिलावा करणाऱ्याच्याच हातात देतो. यंत्र मागच्या कडेपासून मोजतंय की पुढच्या, हेही त्याला आधी दाखवतो, कारण तेवढ्यानंही यंत्राच्या लांबीइतका फरक पडतो.

गुडघ्यांमुळे नानांचं साइटवर येणं बंद झालं, तेव्हा त्यांना काय द्यावं, हे मला सुचेना. पैसे त्यांनी घेतले नसते. शेवटी मी दुसरं यंत्र विकत घेतलं आणि त्यांच्या जुन्या टोळीच्या मुकादमाकडे देऊन टाकलं. तो आपली मापं स्वतः घेतो, मी माझी घेतो. दोन्ही वह्या जुळल्याखेरीज बिल निघत नाही.

हे सांगायला मी नानांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि विचारलं, "झरोके कुणी कापत न्हाई ना?"