कानाची परीक्षा

अध्ययन आधीं आणि परीक्षा मागाहून, असा शास्त्रशुद्ध क्रम असला, तरी व्यवहारांत जशी परीक्षा तसेंच अध्ययन होतें. उभा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत घालविल्यावर माझें हें मत दृढ झालें आहे. चीन देशांत कांहीं वर्षें नोकरीस असलेल्या एका माजी विद्यार्थ्यानें तेथील इंग्रजीची प्रश्नपत्रिका मला आणून दिली, तेव्हां त्या मताला नवा आधार मिळाला.

'गाओकाओ' ही तेथील विश्वविद्यालयाची प्रवेशपरीक्षा जूनच्या ७ तारखेस सुरू होते. सांस्कृतिक क्रांतींत बंद पडलेली ही परीक्षा १९७७ सालीं पुनः सुरू झाली. २०२४ सालीं तिला १ कोटि ३४ लक्षांहून अधिक उमेदवार होते. बहुतेक प्रांतांत एकूण ७५० गुणांपैकीं १५० इंग्रजीचे. आणि नव्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेंत त्यांतील ३० श्रवणाला व ५० वाचनाला आहेत.

श्रवणाच्या भागांत प्रथम पांच लहान संभाषणें ऐकवितात, तीं एकदांच. पुढील लांब उतारे दोनदां. वाचणाऱ्याला मागें वळून पाहतां येतें. ऐकणाऱ्याला तशी सोय नाहीं. म्हणूनच ही कसोटी मोलाची. परीक्षेंत श्रवण आलें, कीं गुरुजींना वर्गांत इंग्रजी ऐकवावीच लागते. केवळ व्याकरणाचे नियम घोकून भागत नाहीं. आपल्या पूर्वजांनीं श्रवण, मनन आणि निदिध्यासन या क्रमांत श्रवणाला पहिलें स्थान दिलें, तें उगीच नव्हे.

तथापि एक दोष दिसतो. श्रवणाचे प्रश्न २०, प्रत्येकीं दीड गुण, आणि प्रत्येकास उत्तरें तीन. कांहींच न समजणारा मुलगा डोळे मिटून खुणा करील, तरी सरासरीनें १० गुण त्याच्या पदरांत पडतील! वाचनाचा एक प्रश्न मात्र मला फार आवडला. उताऱ्यांत पांच जागा रिकाम्या ठेवून खालीं सात वाक्यें देतात. योग्य तें वाक्य योग्य जागीं बसवावयाचें. वाक्यार्थबोधाला आकांक्षा, योग्यता आणि संनिधि हीं तीन अंगें लागतात, असें आपले शास्त्रकार सांगतात. पुढच्या वाक्याची आकांक्षा ज्याच्या मनांत उत्पन्न झाली, त्यालाच हा प्रश्न सुटेल.

अशा परीक्षेंत एकेका गुणाला किती किंमत असते, हें २०१८ सालीं झेजियांग प्रांतांत दिसून आलें. नोव्हेंबरांतील इंग्रजीची प्रश्नपत्रिका कठीण गेली, म्हणून अधिकाऱ्यांनीं कांहीं प्रश्नांचे गुण वाढवून दिले. पालकांत मोठा क्षोभ झाला, आणि डिसेंबरांत ती वाढ रद्द करून मूळचे गुण कायम करण्यांत आले. उत्तरपत्रिका हातीं आल्यावर तराजू बदलणें, मग तें दयाबुद्धीनें कां असेना, न्याय्य नव्हे. ज्यानें कठीण प्रश्न खऱ्या श्रमानें सोडविला, त्याच्या श्रमाचें मोल त्यामुळें कमी होतें.

श्रवणाची कसोटी असावी, पण तींत उत्तर निवडण्याबरोबर ऐकलेलें स्वतःच्या शब्दांत सांगण्यासही जागा असावी, असें मला वाटतें. खेड्यांतील ज्या मुलाच्या घरीं कोणी इंग्रजी बोलत नाहीं, त्याचा कान शाळेनेंच तयार केला पाहिजे; नाहींतर परीक्षा मुलाची न होतां त्याच्या घराची होते. आपल्या घरांतून तरी रोज रात्रीं एका मुलानें इंग्रजी उतारा मोठ्यानें वाचावा आणि दुसऱ्यानें पुस्तक मिटून त्याचा अर्थ सांगावा. त्याला खर्च नाहीं, आणि गुणपत्रिकाही नको.