एक रोज

संपादकांनी फोनवर विषय सांगितला तो असा: बायबलमधली शिकवण कामधंद्यात, घरात आणि ख्रिस्ती चित्रपटात कशी उतरते, हे सोप्या भाषेत लिहा. ‘ग्रीक फार नको,’ असंही बजावलं. मी नव्या कराराचं ग्रीक तीस वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर खुलताबादला येऊन राहिलो, तेव्हापासून ख्रिस्ती लघुपटांच्या संहिता तपासून देतो. मूळ वचनाला धक्का लागत नाही ना, शब्द मराठी माणसाच्या तोंडी बसतो ना, एवढं पाहायचं. ग्रीक आवरतं घेईन. पण गेल्या फेब्रुवारीतलं एक चित्रीकरण मनातून जात नाही, आणि ते सांगायचं तर चार शब्द सोडवून दाखवावेच लागतील.

दिग्दर्शक तिशीतला, आमच्याच मंडळीतला मुलगा, माझा विद्यार्थी. गोष्ट त्याने निवडली मत्तयाच्या विसाव्या अध्यायातली. मळ्याचा मालक पहाटे चौकात जाऊन मजूर ठरवतो; पुन्हा नऊला जातो, बाराला, तीनला, आणि दिवस मावळायला तास उरला असताना पाचलाही. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखीच मजुरी ठेवतो. मुळात मळा द्राक्षांचा. द्राक्षबागेसाठी जालन्याकडे कडवंचीला जायचं तर खर्च झेपणारा नव्हता, म्हणून म्हैसमाळच्या पायथ्याशी मोसंबीची बाग मिळवली. मी संवादात नुसता ‘मळा’ ठेवला. अडलं ते नाण्याशी. मूळ शब्द ‘देनारिओन’. पडद्यावर ‘दिनार’ म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला आखातात गेलेला भाचा आठवतो. देनारिओन म्हणजे त्या काळी मजुराच्या एका दिवसाची कमाई. दोन रात्री विचार केला आणि लिहिलं, ‘एक रोज’. मालक म्हणतो, चला, एक रोज देतो. त्या शब्दाचं मला समाधान वाटलं, अजूनही वाटतं.

ख्रिस्ती चित्रपट म्हटलं की लोकांपुढे पांढरा झगा आणि पुस्तकी मराठी बोलणारा येशू उभा राहतो. 1979 सालचा ‘जीझस’ लूकच्या शुभवर्तमानावर बेतलेला. तो जगभरच्या भाषांत गेला तसा मराठीतही आला. 1978 सालचा तेलुगू ‘करुणामयुडू’ हिंदीत ‘दयासागर’ होऊन खेड्यापाड्यांत दाखवला गेला. या चित्रपटांनी अनेकांना धीर दिला, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण येशू दिसला तरच चित्रपट ख्रिस्ती, ही समजूतही त्यांच्यामुळेच पक्की झाली. उलट बाजूने, आमची पोरं कॅमेरा घेऊन गावात शिरली की ‘धर्मांतराचं काही आहे का?’ हा प्रश्न आधी येतो. त्याची उत्तरं देऊन मी थकलो आहे. विचारायचंच तर युनिटमध्ये जेवण कोणाला आधी मिळतं, पैसे कोणाला शेवटी मिळतात, हे विचारा. आमची शिकवण तिथे तपासता येते.

चित्रीकरणाच्या पहिल्याच सकाळी युनिटच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कलस्सैकरांस पत्रातलं एक वचन आलं, तिसऱ्या अध्यायातलं तेविसावं. काम माणसांना दिसावं म्हणून करू नये, प्रभूचं समजून जीव ओतून करावं, असा त्याचा आशय. ख्रिस्ती घरांतल्या कॅलेंडरांवर, शाळांच्या भिंतींवर, नोकरदारांच्या टेबलांवर हेच वचन. ते मला प्रिय आहे, म्हणूनच त्याचा वापर पाहून जीव तुटतो. पौलाने ते कोणाला उद्देशून लिहिलं, हे आदल्याच ओळीत आहे: दासांना. विकत घेतलेल्या, पळायची सोय नसलेल्या माणसांना तो सांगतो की तुमच्या कामाची खरी नोंद तुमच्या धन्याकडे नाही, वर आहे. आणि तिथून तो धन्यांकडे वळतो: दासांना न्यायाचं आणि बरोबरीचं द्या, कारण तुमच्यावरही एक धनी आहे. दास आणि धनी ही एकाच शिकवणीची दोन अंगं आहेत. मग कॅलेंडरवर अर्धंच का येतं? कारण धन्यांची ओळ छापील बायबलात चौथ्या अध्यायाचं पहिलं वचन आहे. पौलाने अध्याय पाडले नव्हते, त्याने पत्र लिहिलं होतं. आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन यांनी केली असं मानतात. नव्या करारातल्या वचनांचे आकडे रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने 1551च्या आवृत्तीत घातले. शोधायला सोपं जावं म्हणून केलेली ही सोय, पण इथे सुरी नेमकी दास आणि धनी यांच्या मधून फिरली. तिसरा अध्याय वाचून माणूस पुस्तक मिटतो आणि धनी सुटतो.

आता थोडं ग्रीक, क्षमा असावी. धन्यांनी जे द्यायचं त्यासाठी पौल ‘इसोतेस’ हा शब्द वापरतो. त्याचा साधा अर्थ समानता. भाषांतरकार तिथे बहुधा ‘वाजवी’च्या जवळचा शब्द घेतात, संदर्भाने ते चूकही नाही, पण शब्दाची धार जाते. शिवाय धनी आणि प्रभू या दोहोंना मुळात एकच शब्द आहे, ‘कुरिओस’. पौल त्याच शब्दाने धन्याला त्याच्या जागी बसवतो. मराठीत दोन शब्द झाले की ती पकड सुटते. वर्गात इथे माझा तास संपायचा.

मुद्दा मजुरीचा. लेवीय एकोणीस आणि अनुवाद चोवीस, दोन्ही ठिकाणी नियम आहे: मजुराची मजुरी सकाळपर्यंत ठेवायची नाही, सूर्य मावळायच्या आत द्यायची, तो गरीब आहे, त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. गोष्टीतला मालक संध्याकाळीच पैसे वाटतो ते या नियमाला धरून. ऐकणाऱ्यांना ते सांगावं लागलं नाही. मालकाचा मोठेपणा रकमेत आहे, वेळेत तो फक्त कायदा पाळतो. ही टीप मी संहितेच्या समासात लिहून दिली होती.

मजुरी वाटण्याचा प्रसंग दुसऱ्या दिवशी मावळतीच्या उन्हात घेतला. मजूर म्हणून जवळच्या वस्तीवरचे चौदा जण उभे होते, खरेच रोजाने जाणारे. पाच टेक झाले. मालकाचा कारभारी एकेकाच्या तळहातावर पितळी नाणं ठेवत गेला. एका बाईच्या हातावर कांद्याच्या कामाचा काळा डाग होता; कॅमेरा तिथे बराच वेळ थांबला. ऊन गेलं, नाणी परत गोळा केली, मोजली, तर तेरा. ती संभाजीनगरहून भाड्याने आणलेली, म्हणून सगळे मोबाइलचे दिवे लावून आळ्यांत शोधू लागले. मीही वाकून शोधत होतो. नाणं एका खोडाशी सापडलं, सगळ्यांना हायसं वाटलं. मग दिग्दर्शकाने त्या चौदा जणांना हात जोडले आणि म्हणाला, देवाचं काम आहे, सेवा समजा, हिशोब नंतर करू. त्या बाईने माझ्याकडे वळून विचारलं, “काका, आमच्या रोजाचं कसं मग?”

मी म्हणालो, “देतील की.” आणि गाडीवर जाऊन बसलो.

परतीच्या वाटेवर दिग्दर्शकच गाडी चालवत होता. मोठ्या आनंदात त्याने सांगितलं की आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी साठवलेले पैसे त्याने चित्रपटात घातले. आईला विचारलं नाही. देवाला वाहिले, आई समजून घेईल. मला भरून आलं होतं, दिवसभराच्या थकव्याने असेल. मी ‘आमेन’ म्हणालो.

घरी आल्यावर रात्री मार्कचा सातवा अध्याय आठवला. तिथे येशू ‘कोर्बान’वर बोलतो. आईबापांना लागणारं धन ‘देवाला अर्पण केलं आहे’ असं म्हणून अडकवून ठेवायचं, आणि परंपरेने ते चालवून घ्यायचं. शब्द इब्री; आमच्या गावात रोज कानावर येणारी ‘कुर्बानी’ याच कुळातली, दोहोंच्या मुळाशी जवळ येणं आहे. देवाच्या जवळ जाण्याच्या शब्दाआड आई दूर ठेवली जाते, येशूचा संताप त्यावर आहे. हा अध्याय मी तीस वर्षं शिकवला, आणि गाडीवर मागे बसून ऐकला तेव्हा ओळखला नाही.

चित्रपट घरच्यांच्या पैशावर उभा राहूच नये, असं मी म्हणत नाही. ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहून दादासाहेब फाळक्यांच्या मनाने घेतलं आणि 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला; ख्रिस्तावरच्या चित्रपटाचं आपल्या मातीतलं पहिलं फळ मी तेच मानतो. त्याच्यामागे विम्याच्या पॉलिसी होत्या आणि पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने होते. पण सरस्वतीबाई कामात होत्या: फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, अख्ख्या युनिटचा स्वयंपाक. त्यांना ठाऊक होतं दागिने कुठे गेले. ना. वा. टिळकांनी देवापायी घर किती वेळा रिकामं केलं, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलं, म्हणून तरी कळलं. माझ्या विद्यार्थ्याच्या आईने काही लिहिलेलं नाही. ती रविवारी भिंतीला धरून उपासनेला येते.

मजुरांचे पैसे नवव्या दिवशी पोहोचले. कुठून आणले ते मी विचारलं नाही. आईचा विषय मात्र पुढे एकदा फोनवर काढला. तो शांतपणे म्हणाला, “सर, तुम्हीच तेव्हा आमेन म्हणालात.” खरं होतं.

आता संकलन पूर्ण झालं आहे. नाताळात मंडळीत पहिला खेळ आहे. त्याने पाठवलेल्या प्रतीत तो तळहात आहे, डाग आहे, पितळी नाणं आहे, आणि मागून आवाज येतो: एक रोज. संपूर्ण चित्रपटातला तो सगळ्यात सच्चा क्षण. मजकूर मूळ वचनाला धरून आहे, अशी माझी सही संहितेच्या शेवटच्या पानावर हवी आहे. शब्द मी तीनदा तपासले, एकही चूक नाही. पान तीन आठवडे टेबलावर पडून आहे.