आमच्या वतीने

'मी सर्वांच्या वतीने बोलतो,' असे कुणी म्हणाले, की मला विचारावेसे वाटते, 'पण तुम्हांला धाडले कुणी?' ब्रिटनचा राष्ट्रीय विद्यार्थी संघ १९२२ साली स्थापन झाला. गंमत अशी, की त्याला जोडलेले असतात ते कॉलेजांतले विद्यार्थी संघ. विद्यार्थी येतो तो त्यांच्यामार्फत. इतक्या पायऱ्या चढलेल्या आवाजात मूळचा गळा कितीसा उरणार? पण १९९४ च्या कायद्याने तेथे एक सोय केली आहे. शंभरांतल्या पाच जणांनी मागितले, तरी संलग्न राहावे की नाही यावर गुप्त मतदान घ्यावे लागते. २०१६ साली न्यूकॅसलच्या विद्यार्थ्यांनी बाहेर पडायचे ठरवले, केंब्रिजचे राहिले. मला वाटते, दार उघडे असताना जे आत राहतात, त्यांच्या वतीने बोलणेच खरे!