ओरोसहून मोरिशसला

१ मे १९८१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला, आणि पुढें ओरोस येथें त्याच्या मुख्य कचेऱ्या उभ्या राहिल्या. हीच सिंधुदुर्गनगरी. आमच्या इकडील माणसास परदेश म्हटला कीं आखाती देश आठवतात. परंतु दीडशेंहून अधिक वर्षांपूर्वीं या किनाऱ्यावरचीं माणसें महासागर ओलांडून मोरिशस बेटावर उतरलीं, हें आमच्या घरांतून फारसें कोणी सांगत नाहीं. तें बेट पाहण्याचा योग नुकताच आला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई व आठ वर्षांचा नातू अशीं पांच माणसें निघालों. सिंधुदुर्ग स्थानकावर कोकण रेल्वेंत बसलों, मुंबईस विमान धरलें आणि सुमारें सहा तासांनीं प्लेझांस येथें उतरलों. घड्याळें दीड तास मागें घेतलीं. सर्वांच्या पेट्या आल्या. आम्हां उभयतांची मात्र आली नाहीं. तींत औषधें होतीं, वस्त्रें होतीं. कारकुनानें एक कागद भरून घेतला, त्यावर एक आंकडा घातला आणि दोन दिवस वाट पाहावयास सांगितलें. मुक्कामाच्या घरीं पोंचलों तों दारास कुलूप! घरमालकानें आमचें येणें दुसऱ्या दिवशींचें धरलें होतें. नातू रडूं लागला. सौभाग्यवतींनीं पिशवींतले पोहे काढून, त्यांत गूळ घालून, सर्वांस ओट्यावरच वाढले.

इतक्यांत शेजारच्या घरांतून एक वृद्ध बाई आपल्या नातीसह बाहेर आल्या. त्यांनीं आम्हांस आंत नेलें, चहा दिला, आणि घरमालकास बोलावणें पाठविलें. भिंतीवर गणपतीची तसबीर होती. बाईंची भाषा क्रिओल. पण नात शाळेंत मराठी शिकलेली, तिनें दुभाषीपण केलें. पूर्वजांचा मुलूख विचारतां बाई म्हणाल्या, “रत्नागिरी.” एवढा एकच शब्द घरांत उरला होता. मग त्यांनींच विचारलें, “आमचें गांव कोणतें असेल?” आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं पोर्ट लुईसचा आप्रवासी घाट पाहिला. गुलामगिरी बंद झाल्यावर उंसाच्या मळ्यांस मजूर हवे झाले, म्हणून १८३४ पासून १९२० पर्यंत हिंदुस्थानांतून सुमारें साडेचार लाख माणसें करारावर येथें आणलीं गेलीं. बहुसंख्य लोक कलकत्त्यामार्गें आले. कोंकणचे लोक मुंबईहून चढले. १८४९ पासून या घाटावरील इमारती बांधल्या गेल्या. बोटींतून उतरलेला मनुष्य येथील सोळा पायऱ्या चढून वर येई, एक-दोन दिवस राही, आणि मग मळ्यावर रवाना होई. वाटेंत पटकीनें किती मेले त्यांचे हाल तर विचारूंच नयेत. १८५६ सालीं कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवरील लोकांस रोगाच्या भयानें गॅब्रिएल नांवाच्या ओसाड बेटावर उतरविलें, तेथें शेंकडों दगावले. आमची पेटी तिसऱ्या दिवशीं सुखरूप आली. या लोकांस परत मिळालें असें फार थोडें. २००६ सालीं युनेस्कोनें या घाटास जागतिक वारशांत स्थान दिलें.

प्रत्येक आलेल्या माणसास येथें एक क्रमांक मिळे. कारकून कानांवर पडेल तसें नांव लिही. बापाचें नांवच पुढें आडनांव होऊन बसे. त्या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत आहेत, आणि कित्येक नोंदींत जिल्ह्याबरोबर गांवाचेंही नांव असतें. पूर्वजाचा क्रमांक घरांतील जुन्या कागदांत शोधून तेथें चौकशी करावी, असें आम्हीं बाईंस सांगितलें.

एक गोष्ट मात्र येथें परतल्यावर ध्यानीं आली. त्या वह्यांतील “रत्नागिरी” म्हणजे आजची रत्नागिरी नव्हे. मालवण, वेंगुर्लें हे तालुके तेव्हां त्याच जिल्ह्यांत होते. म्हणून रत्नागिरींत गांव न सांपडलेल्या पाहुण्यास ओरोसपर्यंत यावेंच लागेल. असा कोणी दारीं आल्यास वाचकांनीं त्यास कचेरीचा रस्ता दाखवून मोकळें होऊं नये. त्याच्या हातांतील कागद घ्यावा, घरांतील वडीलधाऱ्यांस जवळ बसवावें, आणि त्यावरील नांव मालवणी उच्चारानें मोठ्यानें वाचावें. इंग्रजी अक्षरांत हरवलेलें गांव कानास सांपडण्याचा संभव असतो.