हिशेब ज्याचा, त्याच्याच हाती

घरातील वडीलधाऱ्यांच्या प्रकृतीची चौकशी करताना आपण रक्तदाब विचारतो, साखर विचारतो, झोप लागते का हेही विचारतो. परंतु "तुमचा हिशेब आता कोण लिहिते?" असे सहसा कोणी विचारत नाही. ज्या माणसाने चाळीस-पन्नास वर्षे घराचा जमाखर्च सांभाळला, त्याच्या हातून ती वही सुटू लागते तेव्हा मनाला बसणारा धक्का आजारपणाच्या धक्क्याहून लहान नसतो. आमच्या घरी असा प्रसंग आला आणि त्यातून घरच्या संगणकावर हिशेबासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असा अगदी व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना जे लक्षात आले, ते अशाच घरांतील वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडते.

आमचे आंधळगाव भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात आहे. कोशाच्या कापडासाठी हे गाव ओळखले जाते. माझे सासरे, ज्यांना आम्ही मामाजी म्हणतो, विणकरांच्या एका सहकारी संस्थेत हिशेबनीस होते. रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद यांतच त्यांची नोकरी सरली. निवृत्तीनंतर घरची वहीही ते त्याच शिस्तीने लिहीत. धानाचे चुकारे, पोस्टातील ठेवीचे व्याज, वीजबिल, किराणा, देवळाची वर्गणी, सारे त्यात असे.

वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना कंपवाताचे निदान झाले. या आजारात हात थरथरतो हे पुष्कळांना ठाऊक असते. अक्षर हळूहळू बारीक होत जाते, ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढे होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. वैद्यकात याला मायक्रोग्राफिया म्हणतात. मामाजींच्या वहीतला एक आणि सात यांतला फरक कळेनासा झाला. पुढे आदल्या दिवशीचा आकडा त्यांचा त्यांनाच वाचता येईना. त्यांनी कोणाला काही सांगितले नाही; फक्त वही उघडणे बंद केले. जेवण कमी झाले, बोलणे कमी झाले. आम्ही ते आजाराच्या खाती मांडत होतो, पण त्यात वहीचाही वाटा होता.

पुण्याहून माझ्या दिरांनी फोनवर एक उपाय सुचविला. मोबाइलमध्ये एखादे अ‍ॅप घ्यावे. ते बँकेचे संदेश वाचून खर्च आपोआप मांडते, आणि मग ते स्वतः पुण्यात बसून सर्व पाहतील. सूचना प्रेमाची होती. मामाजी ऐकून घेऊन एवढेच म्हणाले, "मग माझं काम काय राहिलं?" त्या प्रश्नाने आमची निवड निम्मी झाली. हिशेब आपोआप होणे ही आमची गरजच नव्हती. तो त्यांच्या हातून होणे आणि इतरांना वाचता येणे, ही गरज होती. मुलाने शिक्षणासाठी घेतलेला संगणक घरी पडून होता. मोठा पडदा आणि मोठा कीबोर्ड थरथरत्या हाताला मोबाइलपेक्षा सोयीचे होते.

मग आम्ही दोघांनी बसून चार कसोट्या ठरविल्या. नोंदी आपल्याच संगणकात राहाव्यात आणि इंटरनेट नसतानाही काम चालावे. खात्यांची नावे मराठीत लिहिता यावीत. सॉफ्टवेअर उद्या बंद पडले तरी नोंदी बाहेर काढता याव्यात. आणि मामाजींना हिशेबाची जी रीत ठाऊक आहे, तिच्याशी ते जुळावे.

तिसरी कसोटी काहींना अनावश्यक वाटेल. परंतु मायक्रोसॉफ्टचे 'मनी' हे घरगुती हिशेबाचे सॉफ्टवेअर एके काळी जगभर वापरात होते. २००९ साली त्याची विक्री थांबली. अमेरिकेतील 'मिंट' ही लोकप्रिय सेवा २०२४ साली बंद झाली. कंपनी मोठी आहे म्हणून तिची सेवा आपल्या आयुष्याला पुरेल, असे गृहीत धरता येत नाही. वृद्धांच्या घरी तर नवी रीत पुन्हा शिकणे फार जड जाते.

आम्ही तीन पर्याय पाहिले, तिन्ही विनामूल्य. पहिला लिब्रेऑफिसमधील 'कॅल्क', म्हणजे चौकटींचा तक्ता. ज्यांना केवळ तारीख, तपशील, जमा, नावे आणि शिल्लक हवी आहे, त्यांना तो पुरेसा आहे. धोका एवढाच की चुकून एखाद्या सूत्रावर बोट पडले तर बेरीज बिघडते आणि कळतही नाही. कापऱ्या हातासाठी ही गोष्ट लहान नव्हे. दुसरा 'होमबँक'. तो सुटसुटीत आहे, घरखर्चाचे वर्गवार चित्र चांगले दाखवतो आणि दरमहा येणारी देयके आधीच मांडून ठेवता येतात. हिशेबाचे शिक्षण नसलेल्या बहुतेक घरांना मी हाच सुचवीन. तिसरा 'ग्नूकॅश', जो १९९८ पासून उपलब्ध आहे. तो दुहेरी नोंद पद्धतीवर चालतो. प्रत्येक रक्कम कोठून आली आणि कोठे गेली, या दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. नवख्याला तो अवघड वाटतो. मला वाटलाच. मामाजींनी मात्र पडद्यावर मालमत्ता, देणी, उत्पन्न आणि खर्च अशी खाती पाहिली आणि खुर्ची पुढे ओढली. "ही तर खतावणी आहे," असे म्हणून त्यांनी तासाभरात मलाच जमा-नावे समजावून दिले. निवड झाली.

सॉफ्टवेअर ठरले तरी हाताचा प्रश्न होता. बोट एका कळीवर थांबले की पाचशेचे पाच हजार होत. विंडोजमध्ये यासाठी 'फिल्टर कीज' नावाची सोय आहे. अ‍ॅक्सेसिबिलिटी विभागात, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ती सापडते. ती सुरू केली की एकच कळ लागोपाठ दाबली गेली तरी संगणक तिकडे दुर्लक्ष करतो. पडद्यावरील अक्षरे आम्ही दीडपट मोठी केली. गोळी घेतल्यानंतर ज्या वेळी त्यांचा हात तुलनेने स्थिर असतो, ती सकाळची वेळ हिशेबाची ठरली. दिवसाला वीस मिनिटे, त्याहून अधिक नाही. नोंद एकट्याने पूर्ण होईपर्यंत मी हात पुढे करायचा नाही, ही अट त्यांची. ती पाळणे मला सर्वांत कठीण गेले.

सुरक्षिततेचे काही नियम पहिल्या दिवशीच केले. ग्नूकॅशच्या फाइलला स्वतःचा पासवर्ड नसतो. म्हणून संगणकाच्या प्रवेशालाच पासवर्ड ठेवला. हिशेबाच्या फाइलमध्ये पिन, ओटीपी किंवा बँकेचा पासवर्ड कधीही लिहायचा नाही. दर रविवारी फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि तो ड्राइव्ह संगणकापासून दूर, कपाटात ठेवायचा. मागील नोंद कोणालाही बदलता येते, म्हणून महिन्याच्या शेवटी जमाखर्च छापायचा आणि मामाजींनी त्यावर सही करायची. सहीवरून एक गोष्ट सांगते. कंपवातात सहीही बारीक होते आणि धनादेशावरील सही नमुन्याशी जुळेनाशी होते. तसे होण्याआधीच बँकेत जाऊन सहीचा नवा नमुना दिलेला बरा.

ठेवींची माहितीही आम्ही त्याच फाइलमध्ये मांडली. प्रत्येक ठेवीचे कार्यालय, मुदत संपण्याची तारीख आणि नामनिर्देशन कोणाचे आहे, एवढे तिच्या खात्याच्या टिपणात लिहिले. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी यांच्या आरंभी देय होते. त्या चार नोंदी आधीच मांडून ठेवल्या. त्यामुळे व्याज जमा झाले नाही तर लगेच ध्यानात येते. व्याजावरील करकपात टाळण्यासाठी द्यावयाच्या घोषणापत्राची आठवणही एप्रिलमध्ये घातली. हे काम करताना एका जुन्या ठेवीवर अजून माझ्या दिवंगत सासूबाईंचेच नाव नामनिर्देशित असल्याचे मामाजींना आढळले. बँकेतील ज्या ठेवींवर दहा वर्षे कोणी दावा करीत नाही, त्या रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होतात. त्या पुढेही परत मिळवता येतात; रिझर्व्ह बँकेने २०२३ साली त्यांच्या शोधासाठी 'उद्गम' हे पोर्टल सुरू केले आहे. परंतु मागे राहिलेल्यांनी शोध घेत बसण्यापेक्षा हयातीत एक ओळ दुरुस्त करणे कितीतरी सोपे आहे.

हिशेब हा प्रकृतीचाही आरसा असतो. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, ऐंशी हजारांहून अधिक ज्येष्ठांच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात, स्मृतिभ्रंशाचे निदान होण्याच्या सहा वर्षे आधीपासून काहींची देयके थकू लागल्याचे दिसून आले होते. कंपवातावरील काही औषधांमुळे क्वचित अनावर खर्च करण्याची किंवा जुगाराची ओढ लागते, हेही डॉक्टरांना ठाऊक असते. एखादे बिल विसरणे म्हणजे आजार नव्हे. तेवढ्यावरून कोणाला घाबरवू नये. परंतु तेच देयक दोनदा भरले जाणे, नेहमीच्या बेरजेत वारंवार गोंधळ होणे, अचानक अनोळखी खर्च वाढणे, असे काही महिने सतत दिसले तर घरात वाद घालण्याऐवजी ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. शुश्रूषा करणाऱ्याच्या हातून पुष्कळ खर्च होतो. औषधे, भंडाऱ्याला जाण्यायेण्याचे भाडे, फळे, रात्री लागणारी साधने. मी ते कधी लिहिले नव्हते; सासऱ्यांच्या औषधाचा हिशेब सुनेने मांडावा, हे मनाला पटत नव्हते. मामाजींनी एके सकाळी देण्यांच्या सदरात नवे खाते उघडले आणि त्याला 'सूनबाईंचे देणे' असे नाव दिले. मी म्हटले, "मामाजी, घरात कसलं देणं-घेणं?" ते म्हणाले, "संस्थेत अध्यक्षांचा चहासुद्धा लिहीत होतो. लिहिल्यानं माणूस परका होत नाही, सूनबाई. न लिहिल्यानं होतो."

दिवाळीला दीर आणि नणंद आले, तेव्हा मामाजींनी दोघांना संगणकापाशी बसवून वर्षाचा हिशेब दाखविला. औषधांचा एकूण आकडा पाहून दोघेही काही वेळ गप्प झाले. नणंदेने पुढील महिन्यापासून तपासण्यांचा खर्च स्वतःकडे घेतला आणि दिरांनी दर दोन महिन्यांनी आठवडाभर येऊन राहण्याचे कबूल केले. ते आठ दिवस मला विश्रांती मिळते. मी मागितली असती तर ती मिळाली असती की नाही, सांगता येत नाही.

मामाजींचा हात दिवसेंदिवस मंदावत आहे. पूर्वी वीस मिनिटांत आठ नोंदी होत; आता तीन होतात. उरलेल्या मी करते, आणि त्या त्यांनी पाहून मान डोलावल्याखेरीज पक्क्या होत नाहीत. एक दिवस ही फाइल पूर्णपणे माझ्याकडे येईल, हे आम्हा दोघांना ठाऊक आहे. पण ती हळूहळू, त्यांच्या संमतीने येत आहे.

आपल्या घरी असा प्रसंग आला तर सॉफ्टवेअरची नावे शोधण्याआधी ज्यांचा पैसा आहे त्यांच्याशेजारी बसावे आणि ते हिशेब कसा लिहितात, हे त्यांच्याकडूनच शिकून घ्यावे. मग त्या रीतीला जवळचे सॉफ्टवेअर निवडावे. पहिला महिना वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवावेत, आणि दोन्हींतील शिल्लक जुळली की मगच वही कपाटात ठेवावी.