भेजा आणि बोटं

ट्युब्युलिन नावाचं प्रथिन विकत मिळतं, पण त्याची किंमत ऐकून आमचे सर नुसते हसतात. म्हणून पवईच्या आमच्या लॅबमध्ये ते बोकडाच्या मेंदूतून काढतात. पोस्टडॉक म्हणून आले तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. आदल्या रात्री देवनारच्या ओळखीच्या खाटकाला फोन करायचा, पहाटे बर्फाचा डबा घेऊन जायचं आणि घाटकोपरची गर्दी सुरू व्हायच्या आत परतायचं. जितका उशीर, तितकं प्रथिन कमी हाती लागतं. "मॅडम, एवढ्या भेज्याचं करता काय?" त्यानं विचारलंच. कॅन्सरच्या औषधांवर काम आहे म्हटल्यावर तो स्वतः निवडून द्यायला लागला. पैसे मात्र पूर्ण घेतो, आणि ते बरोबरच आहे.

मग दिवसभर कोल्ड रूम आणि सेंट्रिफ्यूज. मेंदूवरचे पडदे सोलायचे, तो थंड बफरमध्ये वाटायचा, गाळ खाली बसवायचा. जीटीपी घालून 37 अंशांवर ठेवलं की ट्युब्युलिनचे रेणू एकमेकांना जोडून नळ्या होतात. बर्फात ठेवलं की नळ्या सुटतात. ही जोडतोड पुन्हा पुन्हा केली की बाकीची प्रथिनं मागे पडतात. संध्याकाळच्या मुलुंड लोकलमध्ये माझ्या शेजारची बाई नाकाला पदर लावते, तेव्हा मी खिडकीबाहेर बघते.

पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन टोकांना ओढली जातात ती याच नळ्यांमुळे. त्यांची जाडी जेमतेम 25 नॅनोमीटर. सदाफुलीतलं व्हिंक्रिस्टिन नळ्या बांधू देत नाही, टॅक्सॉल उलट त्या सुटू देत नाही. दोन्हीकडून विभाजन अडतं. 1998 मध्ये ट्युब्युलिनची पहिली अणुपातळीची रचना समोर आली, तीही मेंदूतल्याच, टॅक्सॉलनं धरून ठेवलेल्या ट्युब्युलिनची.

मावशीला स्तनाचा कॅन्सर निघाला आणि परळला तिचं टॅक्सॉल सुरू झालं, तेव्हा मी हे सगळं तिला वहीत काढून दाखवलं होतं. गाठ लहान झाली. पण बोटांना मुंग्या येऊ लागल्या, मग बधिरपणा आला. ब्लाउजचे हूक लागेनात, टिकली चिमटीतून निसटायची. "तुझं ते प्रथिन कॅन्सरच्याच पेशीत असतं ना गं?"

नाही. भेजाच का आणायचा, याचं उत्तर आणि तिच्या बोटांचं कारण एकच आहे. मज्जापेशी दुभंगत नाहीत, पण त्यांच्या लांबच लांब तंतूंमधून मालाची ने-आण या नळ्यांवरूनच होते. म्हणून मेंदूत ट्युब्युलिन भरपूर. औषध तिथेही चिकटतं, आणि सर्वांत लांबचे तंतू आधी मार खातात. डॉक्टरांनी डोस कमी केला. आता हूक जमतात, सुईत दोरा अजून नाही.

यावर तोड म्हणून नळ्यांना हातच लावायचा नाही, विभाजनात राबणारं ईजी-5 हे मोटर प्रथिन तेवढं बंद करायचं, असा विचार पुढे आला. लॅबमध्ये ती औषधं झकास चालली, रुग्णांमध्ये फारशी नाही. डिशमधल्या पेशी भराभर दुभंगतात, माणसाच्या गाठीत एका वेळी त्यातल्या थोड्याच, हे त्याचं एक कारण सांगतात. मला ते पटतं. पण मग टॅक्सॉल इतकं का चालतं, यावर सेमिनारमध्ये अजून आवाज चढतात.

माझं काम बीटा-3 वर आहे. ट्युब्युलिनचा हा प्रकार एरवी मुख्यतः मज्जापेशींत असतो, पण टॅक्सॉलला दाद न देणाऱ्या काही गाठींतही वाढलेला दिसतो. औषध बसतं त्या खाचेशी यात नेमकं काय वेगळं आहे, ते मी क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून शोधते आहे. नसा वाचवायच्या तर बीटा-3 ला सोडणारं औषध हवं; हट्टी गाठी मारायच्या तर नेमकं त्यालाच धरणारं. आमच्या ग्रुपमध्ये यावरून दोन तट आहेत. मी नसांच्या बाजूची, आणि का ते सगळ्यांना ठाऊक आहे.